ताटाची चौकशी होते, कामाची का नाही?

माझी मावशी भिलाईतल्या एका खासगी दवाखान्यात वॉर्डात काम करते. कागदावर तिचं पद 'हाउसकीपिंग' असं आहे. प्रत्यक्षात लादी पुसणं, बेडपॅन धुणं, रक्तानं माखलेल्या चादरी उचलणं, कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या बांधून खाली नेणं हे सगळं तिच्याकडे. पगार ठेकेदार देतो. दोन वर्षं तिच्या अंगावर पित्त उठत होतं. दुपारपर्यंत मनगटं, कोपरं, मान सुजून खाजायची, रात्री उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचं.

या दोन वर्षांत ती चार डॉक्टरांकडे गेली. चौघांनीही पहिला प्रश्न एकच विचारला: काय खाता? अंडं बंद करा, मटण बंद करा, सुकट तर बिलकुल नको, वांगं आणि शेंगदाणे सोडा. एकानं 'स्वच्छता ठेवा' असंही सांगितलं. जी बाई दिवसाचे आठ तास दुसऱ्यांची घाण साफ करते, तिला! मावशीनं सगळं सोडलं. अंगावरचं पित्त काही तिला सोडेना.

दर वर्षी दसऱ्याला ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. चार-पाच दिवस बहिणीकडे राहते, जे पुढ्यात येईल ते खाते. त्या दिवसांत अंगावर एक गांधही उठायची नाही. ती म्हणायची, 'बाबासाहेबांच्या दारात आलं की दुखणं पळतं.' आम्हीही हसून मान डोलवायचो. मग घरात एका वाढदिवसाला तिनं फुगा फुगवला आणि पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की नागपूरला तिच्या हातात एक गोष्ट नसते. ती म्हणजे रबरी हातमोजे.

पुढे रायपूरला एका त्वचारोगतज्ज्ञांनी तिला विचारलं, 'काम काय करता? हातात काय घालता?' रक्ताची तपासणी झाली. लेटेक्सची, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाची अॅलर्जी निघाली. दोन वर्षांनी, पाचव्या डॉक्टरांच्या एका प्रश्नानं.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तो इतका उशिरा का येतो, आणि तो विचारण्याची जबाबदारी आता आपल्यावर, म्हणजे घरातल्या पहिल्या पदवीधरांवर का येते, याबद्दल.

आधी शब्दाचं बघू. मराठीत आपण 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो, भिलाईत हिंदीच्या संगतीनं 'पित्ती'. त्या शब्दातच निदान दडलेलं आहे: दोष पोटात आहे, म्हणून आमसुलाचं पाणी लावा, गेरू लावा, पथ्य पाळा. शब्द आपल्याला ताटाकडे बघायला लावतो, हाताकडे नाही. वैद्यकशास्त्रात या गांधींना अर्टिकेरिया म्हणतात. एकेक गांध सहसा २४ तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे नवी उठते. असं सहा आठवड्यांहून जास्त चाललं की ते जुनाट किंवा क्रॉनिक मानतात. अचानक एकदा उठलेल्या पित्तामागे अन्न असू शकतं. पण महिनोन्‌महिने उठणाऱ्या पित्तामागे अन्नाची अॅलर्जी क्वचितच असते. बहुतेकांत बाहेरचं एकही कारण सापडत नाही, शरीराची प्रतिकारयंत्रणाच भडकलेली असते. म्हणजे चारही डॉक्टरांचा पथ्याचा सल्ला शास्त्राच्या हिशेबानंही कच्चा होता.

हेही स्पष्ट सांगायला हवं की जुनाट पित्त असलेल्या प्रत्येकाला लेटेक्सची अॅलर्जी नसते. बहुसंख्यांना नसतेच. पण ज्यांना असते, त्यांच्या बाबतीत कारण हाताशी असतं, टाळता येतं आणि ओळखलं नाही तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा.

लेटेक्स म्हणजे हेविया ब्राझिलिएन्सिस या झाडाचा पांढरा चीक. केरळात ज्याचे मळे आहेत तेच हे झाड. त्या चिकात काही प्रथिनं असतात. चिकात साचे बुडवून ज्या पातळ वस्तू बनतात, म्हणजे हातमोजे, फुगे, निरोध, काही कॅथेटर, त्यांत ही प्रथिनं जास्त उरतात. टायरसारख्या कडक रबरात ती फार कमी असतात. वारंवार संपर्कानं काहींच्या शरीरात या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार होतात. मग हातमोजा चढवला की काही मिनिटांत, फार तर तासाभरात, खाज आणि गांधी येतात. त्या हातापुरत्या राहतातच असं नाही. शिंका, डोळ्यांतून पाणी, दमा, आणि काही थोड्यांत रक्तदाब कोसळून जीव धोक्यात, इथवर गोष्ट जाऊ शकते.

यात पावडर मोठी खलनायिका आहे. हातमोजा सहज चढावा म्हणून आत मक्याच्या स्टार्चची पूड असते. प्रथिनं त्या पुडीला चिकटतात आणि हातमोजा ओढून काढला की हवेत उडतात. म्हणून ज्यानं हातमोजे घातलेच नाहीत, पण जो त्याच खोलीत झाडू मारतो, त्यालाही त्रास होऊ शकतो. त्याच्या बाबतीत तर हातमोज्यांचा संशयही कुणाला येत नाही.

जगाला हे कळून बरीच वर्षं झाली. १९७९ मध्ये ब्रिटनमधल्या एका त्वचारोग नियतकालिकात रबरी हातमोज्यांनी लगेच उठणाऱ्या पित्ताची नोंद झाली. १९८७ मध्ये, एचआयव्हीच्या काळात, अमेरिकेत प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य समजून काळजी घ्या असं ठरलं आणि हातमोज्यांचा वापर प्रचंड वाढला. पाठोपाठ अॅलर्जीही वाढली. १९९१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं इशारा दिला. १९९७ मध्ये व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं सांगितलं की नियमित संपर्कात असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते १२ टक्के लोकांचं शरीर लेटेक्सविरुद्ध संवेदनशील झालेलं आहे. जर्मनीनं १९९८ मध्ये पावडरच्या लेटेक्स हातमोज्यांवर बंधन घातलं आणि तिथे या अॅलर्जीची नवी प्रकरणं झपाट्यानं उतरली. अमेरिकेनं जानेवारी २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर सरळ बंदी आणली. आपल्याकडे स्वस्तातला खोका आजही पावडरचाच मिळतो.

तिकडे हे का बदललं? कारण तिथे आजारी पडणाऱ्यांत सर्जन होते, दंतवैद्य होते, संघटित परिचारिका होत्या. त्यांचं ऐकलं गेलं. आपल्याकडे ऑपरेशन थिएटरमधल्या डॉक्टरला त्रास झाला तर त्याच्यासाठी वेगळे हातमोजे येतातही. पण दिवसभर सगळ्यात हलक्या दर्जाचे हातमोजे घालून, घामानं भिजलेल्या हातांनी, फिनाईल आणि ब्लीचिंगच्या पाण्यात काम करणारी माणसं कोण आहेत? सरकारच्याच आकडेवारीत, जी २०२४ मध्ये समोर आली, गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले होते, आणि एकट्या अनुसूचित जातींचे सुमारे ६९ टक्के. दवाखान्याच्या वॉर्डातली सफाई या यादीत मोजलेली नाही. पण कुठल्याही दवाखान्यात सकाळी सहाला जाऊन बघा, झाडू कुणाच्या हातात आहे ते आकडेवारीशिवायही समजतं.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की जातीनं नुसती कामं वाटलेली नाहीत, माणसंच वाटून एकाखाली एक रचली आहेत. त्या रचनेचा आरोग्यावरचा परिणाम आपण फार कमी बोलतो. ज्याचं काम हलकं मानलं जातं, त्याच्या कामाबद्दल डॉक्टर विचारत नाही. केसपेपरवरचा 'व्यवसाय' हा रकाना रिकामा राहतो किंवा त्यात 'मजूर' एवढंच लिहिलं जातं. पण त्याच्या ताटाबद्दल मात्र न चुकता विचारलं जातं, कारण त्या ताटाबद्दल मत आधीच तयार असतं. मांस खाणारं शरीर 'उष्ण' आणि अस्वच्छ, म्हणून त्यावर काही उठलं तर दोष त्या शरीराचाच. खरूज समजून मलम दिलं जातं. शिवाय सावळ्या त्वचेवर पित्ताची लाली दिसत नाही. गांध त्वचेच्याच रंगाची किंवा जरा गडद दिसते, आणि पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. बोट फिरवलं तर फुगवटा लगेच कळतो. पण त्यासाठी हात लावावा लागतो.

कामाबद्दलचा हा प्रश्न काही नवा नाही. इटलीतल्या मोदेना इथल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात कशी झाली हे तोच सांगतो. त्याच्या घरचा शौचकूप उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांतानं घाई करत होता. रामाझ्झिनीनं त्याला विचारलं की एवढी घाई का. त्यानं सांगितलं की जास्त वेळ आत राहिलं तर डोळे जातात. त्यानंतर रामाझ्झिनीनं वैद्यांना बजावलं की रुग्णाला इतर प्रश्नांसोबत त्याचा धंदाही विचारा. म्हणजे व्यावसायिक वैद्यकाचा पायाच मैला उपसणाऱ्या माणसाला विचारलेल्या एका प्रश्नावर उभा आहे. तीनशे वर्षांनी, ज्या देशात हे काम जन्मानं वाटलं जातं, तिथेच तो प्रश्न विचारला जात नाही.

आणि भिलाईत तर तो विचारला जायलाच हवा. हे शहर कामगारांचं आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भंडारा-गोंदियाकडची आपली कितीतरी माणसं इथे येऊन राहिली. इथे अपघातांची मोजदाद होते. जून २०१४ ची वायुगळती, ऑक्टोबर २०१८ ची कोक ओव्हनमधली आग, त्या दिवसांची आठवण प्रत्येक घरात आहे. पण जो आजार एका दिवसात माणूस मारत नाही, रोज थोडा थोडा खाजवतो, तो कुणाच्याच वहीत चढत नाही.

याच पट्ट्यात दुसरी परंपराही आहे. भिलाईला जिथून लोहखनिज येतं त्या दल्ली राजहरात खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभं केलं. शंकर गुहा नियोगींची संघटना पगारासोबत आरोग्याचाही लढा लढत होती, आणि तिथे खाणकामगारच आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार झाले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली, पण कामगारानं स्वतःच्या आजाराचं ज्ञान स्वतःच्या हातात घ्यावं हा धडा राहिला. तो आपण पुढे न्यायचा आहे.

मग करायचं काय? घरातलं, वस्तीतलं कुणी महिनोन्‌महिने पित्तानं हैराण असेल, तर आधी महिनाभराची वही लिहा. कोणत्या वेळी उठलं, तेव्हा ड्यूटी होती की सुट्टी, हातात काय होतं, कशानं पुसत होते. सुट्टीत किंवा गावी गेल्यावर कमी होतं का? फुगा फुगवल्यावर, निरोध वापरल्यावर, दातांच्या डॉक्टरांनी तोंडात हात घातल्यावर खाज किंवा सूज आली का? केळी, पपई, किवी, अॅव्होकाडो खाल्ल्यावर तोंडात खाजतं का? या फळांतली काही प्रथिनं लेटेक्सच्या प्रथिनांसारखी असतात, म्हणून काही जणांना दोन्हींचा त्रास होतो. लहानपणी अनेक शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला, विशेषतः जन्मतः मणक्याचा दोष असलेल्याला, धोका जास्त असतो.

वही लिहिताना घाईनं निष्कर्ष काढू नका. हातमोज्याखालचा प्रत्येक त्रास लेटेक्सचा नसतो. घाम आणि साबणानं त्वचा नुसती चुरचुरते, कोरडी पडते. रबर पक्कं करायला जी रसायनं वापरतात त्यांच्यामुळे एक-दोन दिवसांनी इसब उठतो. तो वेगळा आजार आहे आणि त्याची पॅच टेस्ट करतात. घट्ट रबराच्या दाबानं किंवा भट्टीजवळच्या उष्म्यानं, घामानंही काहींना गांधी उठतात. जंतुनाशकांचीही अॅलर्जी असू शकते. हा निवाडा त्वचारोग किंवा अॅलर्जीतज्ज्ञांनी करायचा. लेटेक्सविरुद्धच्या आयजीईची रक्ततपासणी होते आणि तिच्यासाठी पित्ताच्या गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत. त्वचेवर टोचून करायच्या तपासणीआधी मात्र डॉक्टर त्या काही दिवस थांबवायला सांगतात. नुसता रक्ताचा अहवाल पुरेसा नाही. अहवाल सकारात्मक आणि त्रास काहीच नाही, किंवा अहवाल नकारात्मक आणि त्रास मात्र स्पष्ट, असं दोन्ही घडतं. म्हणून वही महत्त्वाची. घरी मुद्दाम हातमोजा घालून 'बघू काय होतं' हा प्रयोग करू नका. आणि मेडिकलवाल्यानं दिलेली स्टिरॉइडची गोळी महिनोन्‌महिने घेऊ नका. ती खाज दाबते, पण साखर आणि रक्तदाब वाढवते.

निदान झालं तर ते प्रत्येक केसपेपरवर लिहून घ्या. बाळंतपण असो, दात काढणं असो की शस्त्रक्रिया, आधीच सांगा, कारण शरीराच्या आत लेटेक्स लागलं तर प्रतिक्रिया सगळ्यात तीव्र असते. श्वास अडकला, चक्कर आली, घसा आवळला तर घरगुती उपाय नकोत. तातडीनं दवाखाना गाठायचा, तिथे पहिलं औषध अॅड्रिनलिनचं इंजेक्शन.

आता सगळ्यात अवघड भाग. मावशीचं निदान झाल्यावर सुपरवायझर म्हणाला, 'मग बिनहातमोज्यांचं काम करा.' हा सल्ला जीवघेणा आहे. ज्या पिशवीत सुया असतात ती उघड्या हातानं बांधायची म्हणजे हिपॅटायटिस बीला आमंत्रण. ठेकेदारानं दुसरा मार्ग सुचवला: 'झेपत नसेल तर घरी बसा.' म्हणजे आजार ओळखला तर नोकरी जाते, नाही ओळखला तर तब्येत. म्हणूनच अनेक जण बोलत नाहीत, आणि त्यांचं गप्प राहणं मूर्खपणाचं नाही, हिशेबाचं आहे. 'जागरूक व्हा' असा उपदेश त्यांना करण्याआधी आपण हे समजून घेऊ या.

माझं म्हणणं असं, की मागणी एका माणसासाठी सवलतीची नसावी, वॉर्डातल्या खोक्याची असावी. सगळ्यांसाठी नायट्राइलचे, किंवा निदान बिनपावडरचे हातमोजे. नायट्राइल हे कृत्रिम रबर आहे, त्यात झाडाचा चीक नसतो. रसायनांमुळे इसब होणाऱ्यांना त्याचाही त्रास होऊ शकतो, पण लेटेक्सच्या पित्ताचा प्रश्न त्यानं सुटतो. खोक्यावर 'हायपोअॅलर्जेनिक' लिहिलेलं असलं तर भुलू नका. लेटेक्सच्या वस्तूंवर हा शब्द छापायला अमेरिकेनं १९९८ मध्येच मनाई केली, कारण तो ग्राहकाला फसवत होता. सगळ्यांचा खोका बदलला की अॅलर्जी कुणाला आहे हे जाहीर करायची गरज उरत नाही आणि ठेकेदाराला कुणा एकीला बाजूला काढता येत नाही. शिवाय ज्यांना अजून अॅलर्जी झालेली नाही, त्यांनाही ती होणार नाही. अशा बदलाची किंमत दवाखान्याच्या एकूण खर्चात नगण्य आहे.

कायदा याला पुरेसा आधार देतो का? अर्धाच. १९४८ च्या कारखाना अधिनियमात रोगांची एक यादी होती, आणि २०२० च्या संहितेतही ती आहे. त्यातला रोग कामगारात दिसला तर डॉक्टरनं तो कळवायचा असतो. रसायनं आणि रंगांच्या संपर्कानं होणारा त्वचादाह तिच्यात आहे. हातमोज्याच्या चिकानं उठणारं पित्त नावानं नाही, आणि दवाखान्याचा वॉर्ड म्हणजे कारखानाही नाही. पण जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम स्पष्ट आहेत: हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना योग्य संरक्षक साधनं, कामावर घेताना आणि मग वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस. 'योग्य' या शब्दावर बोट ठेवा. ज्या हातमोज्यानं अंग सुजतं तो योग्य नाही. आणि वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर दोन ओळी वाढवायला कुणाची हरकत असावी: हातमोज्यांनी खाज येते का? सुट्टीत बरं वाटतं का?

ईएसआयचं कार्डही तपासा. याचा मूळ कायदा १९४८ चा, पण त्याची पायाभरणी बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखातं सांभाळत असताना झाली, आणि प्रा. अडारकरांचा अहवाल १९४४ चा. वेतनातून हप्ता कापला जातो आणि कार्ड मात्र हातात नाही, असं आपल्या किती घरांत आहे, ते एकदा विचारून पाहा.

आपल्यातले कितीतरी जण आता लॅब टेक्निशियन, परिचारिका, फार्मासिस्ट, सेफ्टी ऑफिसर, एचआर झाले आहेत. आपण खोक्यावरची अक्षरं वाचू शकतो. सरकारी दवाखान्यातले हातमोजे कोणत्या निकषावर घेतले, निविदेत 'बिनपावडर' हा शब्द होता का, हे माहितीच्या अधिकारात विचारू शकतो. केसपेपर लिहिणारा हात आपला असेल तर व्यवसायाचा रकाना नीट भरू शकतो: 'मजूर' नव्हे, 'वॉर्ड सफाई, रोज आठ तास लेटेक्स हातमोजे'.

मावशी आज निळे नायट्राइलचे हातमोजे घालते. पित्त जवळपास थांबलं आहे, सुकटाची चटणी पुन्हा सुरू झाली आहे. पण ते हातमोजे ती स्वतःच्या पैशानं विकत घेते, आणि तिच्या शेजारी काम करणाऱ्या दोघी अजून तेच पावडरचे घालतात. त्यांतल्या एकीला गेल्या उन्हाळ्यापासून खोलीत शिरलं की शिंका येतात. डॉक्टरांनी तिला दही बंद करायला सांगितलं आहे.